मैत्रिणीच्या बाळासाठी विणायचंय: माप कोणतं, लोकर कोणती, काय टाळायचं?

मोगरा
दोन मैत्रिणींकडे पाळणा हलणार आहे. एक ठाण्यात, सप्टेंबरअखेर. दुसरी टोरांटोत, नोव्हेंबरच्या मध्यावर. दोघींना हाताने विणलेलंच काहीतरी द्यायचं आहे. मला सुलट-उलट, रिब, टाके वाढवणं-घटवणं येतं, गोल सुईवर हात बसलेला आहे. मोठ्यांचे स्वेटर विणता येतात, पण बाळाच्या मापाचा अजिबात अंदाज नाही. कोणतं माप धरू? लोकर कोणती घेऊ? आणि ठाण्याच्या हवेत लोकरीचं काही द्यावं का?

लोकरगुंडा
आधी माप, कारण चूक तिथेच होते. बहुतेक जण नवजात मापाचं विणतात आणि ते दोन-तीन आठवड्यांत अपुरं पडतं. थंडी कधी पडणार आणि तेव्हा बाळ किती महिन्यांचं असेल, हे मोजा. ठाण्यात थंडी म्हणजे डिसेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर, तेव्हा बाळ तीन-चार महिन्यांचं असेल. टोरांटोत जानेवारी ते मार्च कडाका, तेव्हा ते बाळ दोन ते चार महिन्यांचं. म्हणजे दोघांनाही ३ ते ६ महिन्यांचं माप लागेल.

या वयात छातीचा घेर ४० ते ४३ सेंमी असतो. स्वेटरचा घेर ४६ ते ४८ ठेवा, म्हणजे आत झबलं मावतं आणि दोन-तीन महिने जास्त चालतं. डोकं ४० ते ४३, पाऊल ९ ते १० सेंमी. जन्मतः डोकं साधारण ३४-३५ असतं आणि छाती त्याहून थोडी कमीच. म्हणून डोक्यावरून घालायचे बंद गळ्याचे स्वेटर लहान बाळाला त्रासाचे होतात. समोरून उघडंच विणा.

आजीची_सुई
लोकरगुंडाला पूर्ण अनुमोदन. मान धरत नाही तोवर डोक्यावरून काही घालायचं म्हणजे आई घामाघूम आणि बाळ रडून लाल. समोरून उघडा स्वेटर बाळाला झोपवून, एकेक हात सरकवून घालता येतो.

लोकरीचं म्हणाल तर आपल्याकडे दुकानात 'बेबी वूल' म्हणून मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. वाईट नाही. धुवायला सोपं, टोचत नाही, स्वस्त. पण वेष्टनावर काय लिहिलंय ते वाचून घ्या. थ्री प्लाय किंवा फोर प्लाय घ्या (प्लाय म्हणजे धाग्याची जाडी), त्याहून जाड नको. जाड लोकरीचा स्वेटर बाळाच्या अंगावर ताठ उभा राहतो, काखेत गोळा होतो आणि हात खाली येत नाहीत.

क्रोशावाली
मऊपणा बोटांनी तपासू नका, बोटांची कातडी राठ असते. गळ्याला नाहीतर मनगटाच्या आतल्या बाजूला मिनिटभर घासून बघा. टोचतंय असं वाटलं तर बाळाला नक्की टोचेल. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू कातडीला टोचतात. बारीक मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचा धागा, २० मायक्रॉनच्या आतबाहेर असतो, तो चालतो. घोंगडीची दख्खनी लोकर भरड, ती बाळाच्या अंगाला अजिबात नको. मोहेर (बकरीची लोकर) आणि अंगोराही (सशाची) नको, त्यांचे केस सुटून नाकातोंडात जातात.

टोरांटोकर
इथल्या बाळासाठी मेरिनो घेणार असाल तर 'सुपरवॉश' असेल तोच घ्या. इथे सगळे कपडे यंत्रात जातात, आणि नवीन आईला स्वेटर वेगळा हाताने धुवायला सांगणं म्हणजे तिला काम देणं. साध्या लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण एकत्र आली की ते खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमदा होतो. सुपरवॉशमध्ये ते खवले झाकलेले किंवा काढलेले असतात. त्याचा तोटा एवढाच की धुतल्यावर कापड सैलावतं. म्हणून नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच टाके मोजा.

आणखी एक. इथे बाळ गाडीत कारसीटमध्ये पट्ट्यांनी बांधलेलं असतं. जाड फुगीर जॅकेट आत असलं तर पट्टा घट्ट वाटतो पण प्रत्यक्षात सैल राहतो. फोर प्लायचा पातळ स्वेटर मात्र पट्ट्याखाली चालतो, वरून पांघरूण घालतात. म्हणून इथल्या हिवाळ्यासाठीसुद्धा पातळच विणा. घरात तर हीटर असतोच.

मोगरा
खूपच उपयोगी. मग फोर प्लाय ठरलं. सुया कोणत्या? आणि कोणी आकडे देईल का? मला वरून खाली विणायला आवडतं, शिवण कमी लागते.

लोकरगुंडा
१० नंबरच्या सुया, म्हणजे सव्वातीन मिमी. आपल्याकडचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत, नंबर वाढला की सुई बारीक होते. ११ नंबर ३ मिमी, ९ नंबर पावणेचार. परदेशातून पॅटर्न घेतला तर नंबर बघू नका, मिमी बघा. अमेरिकन नंबर उलटे चालतात.

खालचं गणित १० सेंमीत २८ टाके आणि ३६ ओळी या प्रमाणावर आहे. १५ सेंमीचा चौकोन विणा, धुवा, मधल्या भागात मोजा. २६ टाके आले तर ११ नंबर घ्या, ३० आले तर ९ नंबर. हा तुकडा टाळला तर ४६ चा घेर सहज ५० होतो.

७४ टाके घाला. वाटणी अशी: पुढचा भाग १३, बाही १२, पाठ २४, बाही १२, पुढचा भाग १३. चारही सांध्यांवर रंगीत दोऱ्याच्या गाठी अडकवा. दोन्ही कडांचे ५-५ टाके ही बटणपट्टी, ते प्रत्येक ओळीत सुलटच. बाकी सुलट बाजूने सुलट, उलट बाजूने उलट. प्रत्येक सुलट ओळीत चारही गाठींच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवा, म्हणजे ओळीत ८. असं १९ वेळा केलं की सुईवर २२६ टाके होतात: ३२, ५०, ६२, ५०, ३२. साडेदहा सेंमी उतरतं, मुंढ्याला तेवढं पुरतं.

आता बाह्यांचे ५०-५० टाके जाड दोऱ्यावर काढून ठेवा. प्रत्येक काखेत ४ नवे टाके घाला आणि अंग सलग विणा. १३४ टाके होतात. बटणपट्टी एकमेकींवर येते म्हणून घेर ४६ सेंमी. काखेपासून १५ सेंमी विणा, शेवटचे ३ सेंमी १ सुलट १ उलट रिब.

बाहीला ५० टाके परत सुईवर घ्या, काखेतून ४ उचला, ५४. दर सहाव्या ओळीत दोन्ही टोकांना एकेक घटवा, सात वेळा. ४० उरतात. मग साडेतीन सेंमी रिब आणि बंद. लांबी १५ सेंमी येते. लोकर सव्वाशे ग्रॅमच्या आत. टोपी-मोज्यांसकट दोनशे घेऊन ठेवा, आणि एकाच रंग-लॉटची. नंतर आणलेल्या गुंड्याची छटा उजेडात वेगळी दिसते.

सुटलेला_टाका
आकडे तपासले, बरोबर बसतात. दोन ठिकाणी अडायला होतं ते सांगतो.

पहिलं, टाका वाढवताना नुसता धागा पुढे घेऊ नका, जाळी पडते. दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून पिळून विणा. जाळी दिसायला छान असते, पण बाळाची बोटं तिच्यात जातात.

दुसरं, बाह्या शेजारी-शेजारी एकाच सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी विणा. म्हणजे दोन्हींच्या ओळी आपोआप सारख्या होतात. वेगवेगळ्या विणल्या की एक बाही अर्धा सेंमी मोठी होणारच. काखेत टाके उचलताना दोन्ही कोपऱ्यांत भोक राहतं. तिथे एकेक जादा टाका उचलून पुढच्या ओळीत शेजाऱ्याबरोबर एकत्र विणा.

क्रोशावाली
लोकरगुंडा, बटणपट्टीबद्दल माझं वेगळं मत आहे. सगळ्या ओळी सुलट विणलेली पट्टी उंचीला दाटते, शेजारचं सुलट-उलट कापड लांब उतरतं. पंचवीस सेंमीवर फरक दिसतो: पट्टी वर ओढली जाते आणि स्वेटरच्या पुढच्या कडा आखडतात. त्यापेक्षा अंग पूर्ण करून नंतर कडेचे टाके उचलून आडवी रिब विणा. चार ओळींना तीन टाके या प्रमाणात उचलले की कड सरळ राहते.

लोकरगुंडा
आखडते हे खरं. पण नंतर उचललेल्या पट्टीत टाके थोडे जास्त झाले तरी झालर पडते, कमी झाले तरी आखडते, आणि पहिल्यांदा विणणाऱ्याला ते प्रमाण साधत नाही. साधा उपाय असा: दर बारा ओळींनी फक्त पट्टीच्या ५ टाक्यांवर जा-ये करून दोन ओळी जास्त विणायच्या, मग नेहमीसारखं पुढे. वळताना शेजारच्या टाक्याभोवती धागा गुंडाळा, नाहीतर तिथे भोक पडेल. पट्टी सपाट बसते.

काजं चौथ्या ओळीत पहिलं, मग दर सोळा ओळींनी, एकूण सहा. पट्टीच्या ५ टाक्यांत: २ सुलट, धागा पुढे, २ एकत्र, १ सुलट. जास्तीच्या त्या दोन ओळी यात मोजू नका.

आजीची_सुई
दोन्ही पद्धती चालतात. मोगरा, तू पहिल्यांदा करतेस तर लोकरगुंडाचीच कर. बटणं सहाच्या सहा लावायलाच हवीत असं नाही, वरची तीन लावलीस तरी बाळाला पुरे. खालून उघडं राहिलं की लंगोट बदलताना सोयीचं.

किलबिल
सुरक्षिततेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. देखणेपणापेक्षा हे आधी.

गळ्याशी नाडी, रिबीन, गोंडे, काही नको. टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी नको. युरोपात 'ईएन १४६८२' हे मानक सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांत गळ्याशी आणि टोपीला नाड्या ठेवू देत नाही. कारण उघड आहे, नाडी अडकते आणि गळा आवळतो.

मोज्यांच्या आत सुटी टोकं ठेवू नका. बाळाच्या पायाच्या बोटाला धागा किंवा केस गुंडाळला गेला की रक्तपुरवठा थांबतो, बोट लालनिळं होतं, आणि बाळ का रडतंय ते मोजा काढेपर्यंत कळत नाही. प्रत्येक टोक पाच-सहा सेंमी आत शिवून, दिशा बदलून परत आणा आणि मग कापा. दोन रंगांचं नक्षीकाम असेल तर आतून धागे लोंबतात, त्यात बोटं अडकतात. नवजात बाळासाठी तसं नक्षीकाम टाळाच.

बटण सुती दोऱ्याने, मागे दुसरं छोटं चपटं बटण ठेवून शिवा. लोकरीने शिवलेलं बटण निघून येतं. ओढून बघा, जोरात.

आणि टोपी बाहेर जाताना. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०२२ च्या सूचनांत, जन्मानंतरचे पहिले तास आणि नवजात अतिदक्षता विभाग सोडले तर, घरात बाळाला टोपी घालू नये असं म्हटलं आहे, कारण बाळ जास्त तापतं. झोपताना पहिलं वर्षभर सुटं पांघरूणही नको. विणलेलं दुपटं द्यायचं तर बाबागाडीसाठी किंवा बाळाला खाली खेळवायला म्हणून द्या.

दर्याकिनारी
घरात टोपी नको? आपल्याकडे तर टोपड्याशिवाय बाळ दिसलं की शेजारच्या तीन आज्या धावत येतात.

किलबिल
आज्यांचं टोपडं पातळ सुती असतं, ते लोकरीच्या टोपीइतकं तापत नाही. तरी मान आणि पाठ हात लावून बघायची. घाम आला असेल तर टोपडं काढायचं. हातपाय गार लागतात म्हणून बाळ गारठलं असं समजू नका, लहान बाळाचे हातपाय गारच असतात.

मोगरा
म्हणजे माझ्या डोक्यातली गुलाबी रिबीनवाली टोपी रद्द. मग मोजे पायात टिकतात कसे? सगळे म्हणतात लाथा मारून उडवतात.

सुटलेला_टाका
उडतात ते घोट्याशी सैल म्हणून. रिब लांब ठेवायची आणि एक नंबर बारीक सुईवर विणायची. फोर प्लायमध्ये:

११ नंबरवर ३६ टाके, १ सुलट १ उलट रिब, ६ सेंमी. आता १० नंबर. टाक्यांचे तीन भाग करा, १२-१२-१२. पहिले १२ विणा, मधले १२ विणा, वळा, आणि फक्त मधल्या १२ वर सगळ्या ओळी सुलट अशा २० ओळी विणा. हा पावलाचा वरचा भाग. त्याच्या एका कडेने १० टाके उचला, पुढचे १२ विणा. परतीच्या ओळीत दुसऱ्या कडेने १० उचला. एकूण ५६. सगळ्या ओळी सुलट, १२ ओळी. मग तळवा:

१ सुलट, २ एकत्र, २२ सुलट, २ एकत्र, २ सुलट, २ एकत्र, २२ सुलट, २ एकत्र, १ सुलट. परतीची ओळ साधी. पुढच्या वेळी २२ च्या जागी २०, मग १८. ४४ उरतात, बंद करा. तळवा आणि मागची बाजू शिवा. शिवण बाहेरच्या अंगाने सपाट ठेवा, आत जाड शिवण आली तर टोचते.

कडेला हात सैल ठेवा. रिबची कड घट्ट झाली की पायच आत जात नाही. तिथे टाके घालताना आणि बंद करताना एक नंबर जाड सुई वापरा.

आजीची_सुई
टोपीही लिहून टाकते. १०४ टाके गोल सुईवर, ४ सेंमी रिब, मग सुलट विणत एकूण १० सेंमी. आता ११ सुलट, २ एकत्र, असं आठ वेळा. एक फेरी साधी. मग १० सुलट, २ एकत्र, असं प्रत्येक कळीत एकेक टाका कमी करत दोन-दोन उरेपर्यंत. धागा उरलेल्या १६ टाक्यांतून ओवून घट्ट ओढायचा. ३७ सेंमीचा घेर ४०-४३ च्या डोक्याला ताणून बसतो. टोपी डोक्यापेक्षा लहानच हवी, सैल झाली तर डोळ्यांवर उतरते.

दर्याकिनारी
मूळ प्रश्नातलं ठाणं सगळे विसरले. मुंबई-ठाणे-कोकण पट्ट्यात ॲक्रिलिकचा स्वेटर बाळाला सोसत नाही, घाम मुरत नाही, पुरळ उठतं. तिथे सुती धागाच घ्या. मात्र सुती धाग्याला लवचीकपणा नाही: रिब पहिल्या धुण्यात ढिली होते, आणि ओलं कापड वजनाने लांब उतरतं. म्हणून रिबऐवजी कडेला सगळ्या ओळी सुलट अशी पट्टी ठेवा, सुई एक नंबर बारीक घ्या, आणि बाह्या आखूड किंवा नुसतं बिनबाह्यांचं जाकीट करा. एसीच्या खोलीत, लसीकरणाला दवाखान्यात जाताना, पहाटेच्या गारव्यात तेवढं पुरतं.

आजीची_सुई
बाळ कुठे असणार तेही विचार. बाळंतपण माहेरी असेल आणि माहेर नाशिक-निफाडकडे असेल तर तिथे हिवाळ्यात पारा १० च्या खाली जातो, मग पूर्ण बाह्यांचा लोकरीचा स्वेटर लागेलच.

मोगरा
माहेर ठाण्यातच आहे. मग सुती जाकीट नक्की. वरचंच गणित चालेल का?

दर्याकिनारी
चालेल. सुई बारीक घेतलीस तरी धुतलेल्या तुकड्यात २८ टाके येतात ना ते बघ. बाहीचे ५० टाके दोऱ्यावर न ठेवता तिथेच सैल बंद कर, झालं जाकीट. सुतीला टाके जड होतात म्हणून लांबी काखेपासून १५ ऐवजी १४ सेंमीच ठेव, धुतल्यावर उतरेल. वाळवताना दोरीवर टांगायचं नाही, टॉवेलवर आडवं पसरायचं. गडद रंग घेतलास तर ओल्या पांढऱ्या रुमालाने चोळून बघ, रंग लागला तर तो धागा बाळाला नको. बाळ चोखतंच सगळं.

क्रोशावाली
द्यायचं कधी, तेही ठरव. काही घरांत बाळ यायच्या आधी नवे कपडे आणत नाहीत, पहिल्या दिवसांत जुन्या मऊ सुती साडीची दुपटी-झबली असतात. डोहाळेजेवणाला विणलेलं नेलंस तर एखाद्या सासूबाईंना रुचणार नाही. मैत्रिणीला आधी विचार. बारशाला दिलेलं सगळीकडे चालतं.

टोरांटोकर
इथे उलट, बाळ यायच्या आधीच बेबी शॉवरला देतात, तेव्हा ते पार्सल ऑक्टोबरमध्ये निघालं तर बरं. सोबत एक चिठ्ठी: धागा कशाचा, किती गरम पाण्यात धुवायचा, यंत्रात चालतो की नाही, कोणत्या वयाचं माप. आणि एक जादा बटण व पाच-सहा मीटर त्याच लॉटची लोकर. बाळाला देण्याआधी एकदा धुऊन पाठवा, कारखान्याचं तेल आणि दुकानातली धूळ निघते. डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली लोकर असेल तर ती नकोच, तो वास आणि त्यातलं रसायन नवजात बाळाला घातक ठरू शकतं.

मोगरा
सुपरवॉश मेरिनो आणि सुती धागा दोन्ही घेते. आधी ठाण्याचं जाकीट, तारीख आधीची आहे. एक शेवटचं: सुतीला २८ टाक्यांऐवजी २७ आले तर?

लोकरगुंडा
घेर ४६ चा पावणेअठ्ठेचाळीस होईल. चालेल, विण. २६ आले तर मात्र सुई बदल.